बटणावरचं नाव

यांना झटका आला तेव्हा उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली. डावा हात तेवढा चालतो. ऐकू सगळं येतं, पण मला हाक मारणं यांना जमत नाही. म्हणून माझे धाकटे दीर फौजेतून सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी घरात एक सोय करून दिली. पलंगाच्या कडेला बटण बसवलं आणि मागच्या दाराशी, गोठ्याजवळ स्पीकर लावला. बटण दाबलं की वायफायवरून मेसेज जातो आणि स्पीकर बोलतो. मी वावरात असले तरी ऐकू येतं.

दिरांनी मला समजावलं होतं, "वैनी, आमच्या वायरलेसवर कसं, ज्या नावानं हाक येती, त्या नावाचाच माणूस उत्तर देतो. हितंबी तसंच. बटन दादाच्या नावानं मेसेज सोडतं आणि स्पीकर त्याच नावाची वाट बघत बसतो. नाव चुकलं की मेसेज हवेत जाणार."

मी मान हलवली. समजलंही होतं. पण बटण दाबलं की तो स्पीकर यांचं नाव मोठ्यानं घ्यायचा आणि पुढं म्हणायचा, "बोलावतायत." दिवसातून दहा वेळा. मी हे नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. शेजारच्या आत्याबाई तर म्हणाल्या, "तू घेत न्हाईस, ते यंत्र घेतंय की गं! सवत आणली म्हण की घरात." बायका खदखदून हसल्या आणि मी आत जाऊन भांडी घासत बसले.

त्या दिवशी मी मोबाईलमध्ये, दिरांनी घालून दिलेल्या स्पीकरच्या ॲपमध्ये, ते नाव शोधलं. शेजारी पेन्सिलचं चित्र होतं. चौथीपर्यंत शिकलेली मी, वाचता येतं, पण मोबाईलवर टाइप करायला जमत नाही. माईकचं चित्र दाबलं आणि म्हणाले, "हे." नाव पुसलं गेलं आणि तिथं 'हे' उमटलं. मला बरं वाटलं. तरी स्पीकर जुनंच नाव घेत राहिला, तेव्हा वाटलं आपल्याला जमलं नाही. मग विसरूनही गेले.

चार दिवसांनी सकाळी लाईट गेली आणि तासाभरानं आली. मी म्हशीच्या वैरणीला कडवळ कापायला मागच्या वावरात गेले. स्पीकर एकदाही बोलला नाही. मनात आलं, झोप लागली असेल. भारा डोक्यावर घेऊन घरात आले, तर हे पलंगावरून अर्धे खाली लोंबकळत होते. धोतर ओलं झालेलं. डाव्या हाताचा अंगठा बटणावरच होता, दाबून दाबून पांढरा पडलेला. माझ्यासमोर पुन्हा दाबला. बटणावरचा लाल दिवा लागला आणि मागच्या दाराशी काहीच वाजलं नाही.

कसंबसं उचलून वर घेतलं. मी म्हणाले, "मला ऐकूच आलं न्हाई हो." त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. दुपारी भरवायला गेले तर ओठ घट्ट मिटून घेतले. ऐकून न ऐकल्यासारखं केलं, असंच त्यांना वाटलं असणार. इतकी वर्षं संसार केला, पण असं तोंड त्यांनी कधी फिरवलं नव्हतं.

मग माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. वायफायची डबी बंद करून चालू केली. हिरवे दिवे लागले होते. बटणातला चपटा सेल बदलला. स्पीकरची पिन काढली, पुसली, परत घातली. काही नाही. चमच्यानं ताट वाजवायला दिलं तर चमचा हातातून निसटला. दर दहा मिनिटांनी वावरातून पळत यायचे. वैरण अर्धी, म्हैस ओरडतीय, आणि आत ते माझ्याकडं बघत नव्हते. दिरांना फोन लावला की, संपर्क क्षेत्राबाहेर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज तुटत होता. स्पीकर बोलत नाही, एवढंच मी सांगितलं.

"बटनाचा दिवा लागतोय का?"

"व्हय."

"म्हंजे मेसेज निघतोय, पोचत न्हाई. स्पीकरवर नाव काय हाय बघा."

मी बघितलं. 'हे'. लाईट परत आल्यावर स्पीकरनं मी घातलेलं नवं नाव धरलं होतं, ते तेव्हा कळलं. तरी तोंडातून निघालं, "बरोबर हाय, भावजी."

"वाचून दाखवा."

"लाईट गेली व्हती, त्यानं बिघडलं असंल."

"वैनी, उद्यापासून मी वर चौकीवर जातोय. महिनाभर रेंज न्हाई. काय झालंय सांगा तरी!"

तेव्हा सांगितलं. रडतच सांगितलं. म्हटलं, बटणाचंच नाव बदला की.

"ते माझ्या कॉम्प्युटरनं आत घातलंय. हितनं न्हाई व्हायचं. तुमालाच दादाचं नाव बोलाय लागतंय. न्हाईतर शेजारचं कुणीतरी बोलवा."

सगळी आळी म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेली होती.

"मग घ्या उखाणा!" दीर हसले, आणि फोन तुटला.

मी मोबाईल घेऊन पलंगाजवळच उभी होते. पदर तोंडावर धरून हळूच नाव घेतलं. भलतंच काही उमटलं. पुन्हा घेतलं, अर्धंच उमटलं. हे भिंतीकडं बघत पडलेले. मी पदर सोडला आणि हाक मारावी तसं मोठ्यानं पुरं नाव घेतलं.

ते उमटलं. स्पीकरची पिन काढून परत घातली.

यांनी मान वळवली होती. माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "मीच खोडलं होतं. लाज वाटायची. तुमचा मेसेज मला पोचतच नव्हता." त्यांचा अंगठा बटणाकडं सरकला. लाल दिवा लागला आणि मागच्या दाराशी स्पीकरनं नाव घेतलं.

"काय पायजे?" मी विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. जबडा हलला, पण आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं तेवढं. मी भात कालवून आणला. चार घास खाल्ले.

कडवळ तसंच पडलं होतं. विळा घेऊन निघाले आणि मागचं दार सताड उघडं ठेवलं.