शिवणीखालचा जुनेपणा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हातातली वस्तू मी अजून उलटी करून बघतो.

महाराजांच्या राजवटीत मी कोल्हापुरात फौजदार होतो. दसरा तोंडावर आला असताना खबऱ्यानं कानावर घातलं, "सायेब, इनामदारांच्या पागंतलं जुनं जीन गेलं. आता हाय ते नवं हाय."

ते जीन म्हणजे घराण्याचा मान. दसऱ्याला ते घोड्यावर चढल्याशिवाय इनामदार सीमोल्लंघनाला निघत नसत. पागेची किल्ली म्हाताऱ्या मोतद्दाराकडे. हा मुसलमान गृहस्थ, त्याच्या तीन पिढ्यांनी तिथली घोडी सांभाळलेली. इनामदार कडाडले, "त्यानंच विकलं. तुरुंगात घाला त्याला!"

मी त्याला कोठडीत बसवलं, खोदखोदून विचारलं. "चोरी न्हाय केली," यापलीकडे तो बोलेना. सराईत चोर फार बोलतो. हा गप्प, म्हणून मी सावध झालो.

पंचांसमक्ष जीन ताब्यात घेतलं. खरं सांगतो, ते नवं आहे यावर विश्वास बसेना. वेलबुट्टीच्या खाचांत काळपट मळ, उंचवटे मांडीच्या घासानं उजळलेले, कडा झिजलेल्या. खबऱ्यालाच दोन ठेवून द्याव्यात असं वाटलं. शेवटी बाजूला लोंबणाऱ्या दुपदरी झापेची शिवण उसवली. आतही तोच मळ, तीच झीज! जिथं ऊन पोचत नाही, घाम पोचत नाही, तिथं जुनेपण आलं कुठून? ते शिवण्याआधी कुणीतरी हातानं आणलं होतं.

असा हात पंचक्रोशीत एकच, पेठ वडगावच्या जिनगराचा. त्याला बोलावलं. ठाण्यात शिरताच जिनाकडं बघून तो ओरडला, "शिवण कुणी उसवली ही?" निम्मी चौकशी तिथंच संपली.

"करून दाखव," मी म्हणालो. त्यानं कोऱ्या चामड्यावर वेल ठोकली, उंचवट्यांवर मेण चोळलं आणि गुळाच्या पाण्यात लोखंड मुरवून केलेला काळा रंग फासला. मेणावर रंग धरेना, तो खाचांत जाऊन बसला. फडक्यानं पुसलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते चामडं आजोबांच्या वयाचं झालं. मी थक्क झालो. हवालदारानं तर हातच जोडले.

"जुनं घुशींनी कुरतडलं," जिनगर सांगू लागला. "म्हातारा रडत आलता. ह्या वयात हाकलला तर जाणार कुठं? मोडकं माझ्याकडंच हाय. टाकवंना. माझ्या आज्ज्यानं केल्यालं हाय ते."

वडगावहून त्या मोडक्या जिनाचं पोतं आणवलं. इनामदारांनी स्वतः एकेक तुकडा नव्या जिनाशी जुळवून पाहिला. मग मोतद्दाराला म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"कुठल्या तोंडानं सांगू, सरकार?"

इनामदारांनी फिर्याद मागे घेतली.

जाताना मी जिनगराला विचारलं, "आतली बाजू कोण बघणार होतं? ती कोरी ठेवली असतीस तर मला कधीच उमगलं नसतं."

"मी बघत हुतो की," तो म्हणाला.

नोकरीत मी पुष्कळ गुन्हेगार पकडले. कुणी बघणार नाही तिथं त्यांनी काम कच्चं सोडलेलं असे. तिथंही काम चोख केलं म्हणून सापडलेला माणूस मला एवढाच भेटला. माझी उसवण त्यानं पुन्हा शिवून दिली. दसऱ्याला तेच जीन घोड्यावर चढलं, आणि लगाम धरून पुढं म्हातारा मोतद्दार चालत होता.