मागच्या पडवीतली गॅसची नळी

मंडळी, ताजं आहे तोवरच लिहिते.

हिंगणघाटच्या आमच्या घरी एका सिलिंडरवरून दोन नळ्या निघतात. एक माझ्या ओट्याकडे, दुसरी मागच्या पडवीत सासूबाईंच्या शेगडीकडे. मध्यंतरी त्यांचा पदर पेटता पेटता वाचला. मग त्या दुपारी झोपल्या असताना आम्ही गुपचूप शेगडी उचलली. नळीचा कॉक तेवढा बंद केला. टोपण लावायचं सुचलंच नाही.

आज सकाळी घरभर गॅसचा वास! धावत जाऊन सिलिंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. पडवीत सासूबाई चहाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन उभ्या होत्या. शेगडी नाही हे विसरून त्यांनी सवयीनं कॉक फिरवला होता.

"काडीपेटी सापडून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. मी आधी कॉक बंद केला आणि गॅसच्या मेकॅनिकला बोलावलं.

मेकॅनिकनं नळीच्या तोंडाला पितळी टोपण घट्ट बसवलं, साबणाचं पाणी लावून गळत नाही ना तेही पाहिलं.

"आता पक्कं बंद झालं का?" सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी गंज माझ्या हातात दिला. "मंग हा तुह्या रॅकमंदी ठेव."

शेगडी काढली असेल तर नळीला आजच टोपण लावून घ्या. आणि जिची शेगडी, तिला आधी सांगा. आम्ही दोन्ही केलं नाही.