दुसरा कौल

देवावर तुमचा विश्वास आहे का, असं कुणी चार महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर मी ताडकन 'आहे' म्हणालो असतो. सोमवार पाळतो, अंगारा लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणखी काय पाहिजे? आता वाटतं, तो विश्वास नव्हता, नुसती वहिवाट होती. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तेहेतीस वर्षं माल तपासायचं काम केलं. मापात बसला तो नग पास, नाही बसला तो लाल पेटीत. नापास झालेला नग हळूच पुन्हा मापायला आणणाऱ्यांना मी असा झापायचो, की ते माझ्या नावाने बोटं मोडायचे. तोच मी, निवृत्त झाल्यावर, देवाने नापास केलेला एक नग त्याच्याकडे पुन्हा घेऊन गेलो. त्याची ही हकिगत आहे.

मी, बायको आणि माझा थोरला भाऊ असे तिघं आम्ही चारकोपला राहायचो. वडील गेले तेव्हा मी चौथीत होतो. दादाने शाळा सोडली आणि गिरणीत लागला. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका गाळ्यात मुलामा चढवायचं काम करू लागला. मला शिकवायचं, मग माझं लग्न, मग माझ्या मुलीचं शिक्षण, या सगळ्यात त्याचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. गेल्या वर्षी त्याचं हृदय थकलं. पाय सुजायचे, एक जिना चढला तरी धाप लागायची. त्याच सुमारास अमेरिकेत मुलीला मुलगी झाली. बाळंतपणासाठी बायको तिकडे गेली होती. नात सहा महिन्यांची झाली, तिचं उष्टावण ठरलं. पहिला घास मामाने भरवायचा असतो, पण लेकीला भाऊ नाही. "बाबा, तुम्हीच भरवा," असा तिने हट्ट धरला. मलाही जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. आणि दादाला या अवस्थेत टाकून कसं जायचं, हेही कळत होतं.

आम्हा कोकणातल्या माणसांचं असं अडलं की गावच्या देवाला कौल लावतात. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यावर हजर असलेल्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं. आमच्या घरात ते दादा म्हणायचा, आणि गाभारा घुमेल अशा आवाजात म्हणायचा. त्या दिवशी मात्र मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं, गावच्या गुरवकाकांना फोन लावला आणि दादाला ऐकू जाऊ नये म्हणून पुटपुटत 'व्हय महाराजा' केलं. थोड्या वेळाने काका म्हणाले, "बाळू, डावी पडली रे. देव जाव नको म्हणता."

"परत लावा ना काका. नीट चिकटली नसेल."

"एकच प्रश्न देवाक दोनदा घालूक नाय."

"मग उद्या लावा."

तिकडून फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. "उजवी पडली. जा," एवढंच म्हणाले. आवाज कोरडा होता, पण मला आवाज ऐकायचा नव्हताच, मला उजवी हवी होती. दादाला मी फक्त हा दुसरा कौल सांगितला, पहिला गिळून टाकला. तो कॉटवर पाय वर करून बसला होता. "झकास! मग बॅग भर की, बघतोस काय?" म्हणाला, आणि नातीसाठी आणून ठेवलेली चांदीची वाटी त्याने उशीखालून काढून माझ्या हातात दिली. शेजारच्या सावंतवहिनी डबा देणार होत्या, दिवसभर सोबतीला एक माणूस ठेवला होता. सगळी व्यवस्था चोख होती, असं मी स्वतःला विमानतळापर्यंत सांगत गेलो.

उष्टावण बुधवारी झालं. शुक्रवारी सावंतवहिनींचा फोन आला, की दादाला श्वास घेता येईना म्हणून कांदिवलीच्या रुग्णालयात भरती केलंय. लेकीने कसंबसं रविवारचं एकच तिकीट मिळवलं, बायको तिकडेच राहिली. निघताना वहिनींशी बोललो. "ऑक्सिजन लावलाय, पण बोलतायत. तुम्ही या फक्त," त्या म्हणाल्या. तेवढ्या एका वाक्यावर मी विमानात चढलो. दादा जिवंत असेपर्यंत पोचायचं, याच्यापलीकडे मला जगात काही नको होतं.

विमानाचं म्हणाल तर सांगण्यासारखं काही नाही, रडण्यासारखं पुष्कळ होतं. चौदा-पंधरा तासांचं सलग उड्डाण. मला मिळाली ती शेवटच्या रांगेतली मधली जागा, पाठीला स्वच्छतागृहाची भिंत, त्यामुळे खुर्ची तसूभरही मागे जाईना. पुढचा माणूस मात्र त्याची खुर्ची माझ्या छातीवर टेकवून घोरायला लागला. समोरच्या खुर्चीतला टीव्हीचा पडदा बंद, म्हणजे आपण कुठवर आलो, किती वाजले, काहीच कळायला मार्ग नाही. लेकीने विमानात इंटरनेट चालेल असं करून दिलं होतं, वहिनींचा निरोप बघता यावा म्हणून. ते नुसतं गोल गोल फिरत राहिलं, शेवटी वैतागून मी फोनच बंद करून टाकला. भारतात सोमवार लागला होता, मी शाकाहारी जेवण मागितलं, तर माझ्या रांगेपर्यंत येता येता ते संपलं. एक गार पाव आणि लोण्याची वडी हातात आली. एरवी मी भांडलो असतो. त्या दिवशी भांडण्याचं बळ नव्हतं, कारण यातली एक एक गोष्ट मला शिक्षा वाटत होती. देवाला कोपऱ्यात गाठून त्याच्याकडून होकार वसूल केलास ना, मग भोग आता. जप करायला बसलो, पण कुठल्या तोंडाने करणार? दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडला.

खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ होते, घाटकोपरचे. विमानात चाकाच्या खुर्चीवरून आणलेले. मुलाकडून एकटेच घरी परत चालले होते. सुरुवातीला त्यांनी मराठीत, गुजराती हेल काढत, "तमे अंधेरीला उतरणार के?" असं विचारलं तेव्हा मला हसू आलं. पुढे लक्षात आलं, की त्यांच्या डोक्यात माणसं आणि ठिकाणं सगळीच सरमिसळ झालीयत. दिवे मंद झाल्यावर त्यांनी माझ्या दंडाला धरून, आलास का, असं गुजरातीत विचारलं, "तू आवी गयो, रसिक?"

"मी रसिक नाही हो," मी जरा तोडूनच म्हणालो.

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग पाणी हवं, मग घोंगडी हवी, मग शौचाला जायचं. त्या अरुंद वाटेतून त्यांना धरून नेलं, दाराशी उभा राहिलो, परत आणलं. असं तीनदा झालं. मी मनात चडफडत होतो. माझा भाऊ तिकडे श्वासासाठी धडपडतोय आणि मी इथे कुणाच्या तरी बापाची उठबस करतोय! चौथ्यांदा त्यांनी 'रसिक' म्हटलं तेव्हा मी नाही म्हणायचं सोडून दिलं. "हो, बोला," म्हणालो. त्यांचा चेहरा एकदम निवला. त्यांच्यासमोर जैन जेवणाचं ताट तसंच पडलं होतं. त्यांनी पोळी मोडली आणि अर्धी माझ्या पावाशेजारी ठेवली. "खाई ले, रसिक." दादाही असाच, मी कारखान्यातून उशिरा आलो की स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी मोडून ठेवायचा. मी रडत रडत ती पोळी खाल्ली, आणि ज्याला त्याला ऐकू जावं एवढा हुंदका आला तरी मला लाज वाटली नाही.

पुढे ते माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपले. माझा हात त्यांच्या हातात होता. सोडवला की दचकायचे, म्हणून सोडवला नाही. दंडाला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला, मग त्याचं काही वाटेनासं झालं. त्या तासांत केव्हातरी मी देवाशी बोललो. स्तोत्र नाही, नवस नाही. एवढंच म्हणालो, की मी इथे याच्यापाशी बसलोय, तिथे त्याच्यापाशी कुणीतरी असू दे. 'वाचव' म्हणायचा धीर मला झाला नाही.

विमान संध्याकाळी उतरलं. फोन चालू केला तर वहिनींचे सात फोन येऊन गेले होते. सातव्या फोनचा अर्थ मला न विचारता कळला. म्हाताऱ्यांना खुर्चीवर बसवून नेलं, त्यांनी मागे वळून हातही हलवला. रसिक कोण, हे विचारायचं राहून गेलं.

रुग्णालयात वहिनी दाराशीच उभ्या होत्या. "चारच्या सुमारास गेले," म्हणाल्या. त्या डबा आणायला घरी गेल्या होत्या, सोबतीचा माणूस औषधं आणायला खाली उतरला होता. म्हणजे दादा एकटा गेला. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो. तेवढ्यात वॉर्डातून एक धिप्पाड माणूस बाहेर आला, गोराईचा कोळी. त्याचे वडील दादाच्या शेजारच्या खाटेवर होते. त्याने मला न्याहाळलं आणि विचारलं, "बाळू तूच काय?"

मी मान हलवली.

"तुझा दादा मला बाळू बोलत होता रे. हात धरला तो सोडीनाच. 'आलास काय बाळू?' बोलला. मी काय करणार? बोललो, हा दादा, आलो." त्याने वॉर्डाकडे मान वळवली. "मग शांत झाला. तासभर बसलेलो मी. खोटा बोललो, राग धरू नको हां."

राग कसला धरणार? मी त्याचे पाय धरायला वाकलो, तर तो दोन पावलं मागेच सरकला. ती वेळ आणि विमानातली वेळ जुळते का, हे मी कधी ताडून पाहिलेलं नाही. समोरचा पडदा बंद होता, त्यामुळे म्हातारे खांद्यावर झोपले तेव्हा किती वाजले होते हे मला माहीतच नाही. ज्या बंद पडद्यावर मी एवढा चिडलो, त्याचे आता आभार मानतो. नाहीतर माझ्यासारखा तपासनीस तिथेही मापं घेत बसला असता.

दादाचा शेवट एकट्याने झाला नाही, एवढं समाधान होतं. पण डाव्या पाकळीचा काटा काही निघेना. सुतक फिटल्यावर मी गावी गेलो, देवापुढे नाक घासायला. गुरवकाका देवळाच्या पायरीवर भेटले. मी म्हणालो, "काका, तुम्ही नको म्हणत होता. मी जबरदस्तीने दुसरा कौल लावून घेतला. त्याचं फळ दादाला मिळालं."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, "तुझो प्रश्न मी परत घातलंयच नाय. देवाक दोनदा कसो इचारतलंय? त्या सांजेक तुझ्या दादाचो फोन इलो. तू बाल्कनीत बोललंस ता तेना ऐकल्यान होता."

"म्हणजे दादाला पहिला कौल ठाऊक होता?" मी विचारलं.

"तेचो प्रश्न येगळो होतो. 'धाकट्याचा मन नातीत अडकलाहा, तेका जावंदे. माझा तू बघशीत मा?' असा देवाक इचारूक सांगल्यान. ती पाकळी उजवी पडली. गाऱ्हाण्याक 'व्हय महाराजा' पण तोच म्हणालो, फोनार. धाप लागत होती तेका."

म्हणजे मी जाऊ का, या प्रश्नाला देवाने नाही म्हटलं होतं, आणि ते बरोबरच होतं. दादाला सांभाळशील ना, याला तो हो म्हणाला, आणि तेही त्याने पाळलं. माप एकदाही चुकलं नव्हतं. मी होकार वसूल करू पाहिला, दादाने स्वतःला देवाच्या हवाली करून तो माझ्यासाठी मागून घेतला. आणि पहिला कौल मी लपवला हे माहीत असून तो मला 'झकास' म्हणाला होता. देवळाच्या पायरीवर मी लहान पोरासारखा रडलो. ते रडणं अजून पुरतं संपलेलं नाही, घरी दादाची कॉट रिकामी दिसली की पुन्हा सुरू होतं. पण त्यातला काटा तेवढा गेलाय, आणि तो काढणाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

काकांनी पाकळ्या भिजवायला घेतल्या. "काय इचारूचा हा?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसतं गाऱ्हाणं घाला."

त्यांनी पाकळ्या बाजूला ठेवल्या आणि दादाच्या नावाने गाऱ्हाणं सुरू केलं. पहिलं वाक्य संपवून ते थांबले. गाभाऱ्यात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मग मी, दादा म्हणायचा तेवढ्याच मोठ्या आवाजात, म्हणालो, "व्हय महाराजा."