गौर कुठे बसवलीय?

दूधविनायकच्या गल्लीत आमची कालिंदीमावशी काँग्रेसचं काम करायची. तीस साली घरचे पुरुष बायकांना जुलुसात जाऊ देत नसत. म्हणून चैत्रात मावशीने शेजारच्या बकुळला हळदीकुंकवाचं बोलावणं केलं. त्याला कोण नाही म्हणणार? बकुळ जरीचं लुगडं नेसून निघाली. वाटेत तिने विचारलं, "मावशी, गौर कुठे बसवलीय?"

"चल, जवळच आहे," मावशी म्हणाली, आणि तिला विलायती कापडाच्या दुकानापुढे धरणं धरायला बसवलं. लाठ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी बकुळ गेली.

लोकांनी तिला हुतात्मा केलं. मावशी भडकायची, "हुतात्मा कसली? मी फसवून नेलं पोरीला!"

सदतीसच्या निवडणुकीत पुढारी म्हणाले, "हळदीकुंकू ठेवा, बायका आपोआप जमतील." मावशीने त्यांना दारातूनच हाकललं. मग स्वतः घरोघर जाऊन सांगितलं, "काँग्रेसचा जुलूस आहे. मारही बसेल."

तरी चाळीस जणी आल्या. मीही होते. दशाश्वमेध घाटाकडे जाताना सगळ्यांत पुढे असलेली मावशी एकाएकी थबकली. मागे वळून, आमच्या डोक्यांवरून पार गल्लीच्या टोकाकडे बघत ती म्हणाली, "नाही गं, गौर नाहीये. तू घरी जा."