काळपट हिरवी पानं

लेक हैदराबादहून येताना मांडीवर सांभाळत ऑर्किडची कुंडी घेऊन आली. एकाच दांड्यावर जांभळट पांढरी फुलं ओळीनं लागली होती. दोन महिने झाले तरी ती कोमेजेनात. आमच्या बांगड्यांच्या दुकानात येणाऱ्या बायका मुद्दाम घरात डोकावून ती पाहून जायच्या. मग एकेक फूल गळलं, दांडा वाळला, तो मी कापला. त्यानंतर दोन वर्षं नुसती पानं.

मी काही कमी केलं नव्हतं. हॉलमध्ये टीव्हीशेजारी मानाची जागा दिली. रोज सकाळी पाणी. परसातल्या भाजीसाठी आणलेला युरिया चिमूटभर पाण्यात घालून द्यायची. नर्सरीवाला म्हणाला, "ये बड़े शहर का फूल है अम्मा, यहाँ नहीं आएगा." लेक फोनवर विचारायची, "आलं का फूल?" तेव्हा तर मला चोरट्यासारखं व्हायचं.

दिवाळी झाली आणि माझ्या मोठ्या जाऊबाई भीमपूरकडच्या गावाहून आमच्या मावल्याच्या घरी आल्या. मी त्यांना ताई म्हणते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिकडे शेतात कापसाची वेचणी सुरू, आणि या काळा चष्मा लावून इथे बसलेल्या. वाकायचं नाही, चुलीपुढे जायचं नाही, दिवसातून चार वेळा थेंब. रिकामं बसायची सवय नसलेल्या बाईला ती शिक्षाच होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी ऑर्किडला पाणी घालत होते.

"काऊन वं, ते पाणी मांगून राह्यलं का?" ताईंनी विचारलं.

"रोज देते ना, ताई."

त्यांनी कुंडी मांडीवर घेतली. एका डोळ्याला अजून धूसर दिसत होतं, म्हणून बोटांनीच पान चाचपलं. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची होती, ती उजेडाकडे धरून आतली मुळं पाहिली. "मुळं ओली गच्च हायेत. पानं पाय, कशी काळपट हिरवी, अन् लेचीपेची. माजलं हे. पऱ्हाटीले युरिया जास्त झाला का ते अशीच माजते. कमरेइतकी वाढते, पण पाती धरत नाही, कळीच येत नाही. अन् बांधावरच्या झाडाखाली सावलीत राह्यलेली पऱ्हाटी पायली का तू? नुसती पानं."

मला राग आला. दोन वर्षं मोबाईलवर इतकं पाहिलं, वाचलं, आणि ताई कापसाची गोष्ट सांगत होत्या. "ताई, ही पऱ्हाटी नाही, ऑर्किड आहे," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

त्यांनी कुंडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "मले त्याचं नाव नाही मालूम. पण एक महिना माह्या म्हणण्यानं ठेव. नाही झालं तर मंग तुह्या मनानं कर."

त्यांच्या त्या शांतपणानंच मी ओशाळले आणि कबूल झाले. कुंडी पूर्वेच्या व्हरांड्यात जाळीमागे गेली. सकाळचं कोवळं ऊन नऊपर्यंत, पुढे नुसता उजेड. युरिया बंद. मुळं चांदीसारखी पांढुरकी दिसली तरच पाणी, हिरवी असतील तोवर थेंब नाही. थंडी पडायला लागली होती. मी म्हटलं, "गारठेल ना बिचारं."

"थोडी थंडी लागू दे. हुडहुडी भरायसारखी झाली का आत घेऊ," त्या म्हणाल्या.

त्या रोज डोळ्यात थेंब घालून झाले की दहा मिनिटं थांबायच्या आणि मग व्हरांड्यात जाऊन झाडापाशी बसायच्या. पानाचा रंग उतरून पोपटीकडे झुकला, हे माझ्याआधी त्यांनीच सांगितलं. मी दोन वर्षं त्या झाडाला पाणी घातलं, पण त्याच्याकडे इतकं टक लावून कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी एका धड डोळ्यानं केलं.

एक दिवस पानाच्या बगलेतून हिरवं टोक बाहेर आलं. ताई हरखल्या. "आला दांडा!" मी लेकीला लगेच फोटो पाठवला. आठ दिवसांत ते टोक खाली वळलं आणि कुंडीच्या काठावरून लोंबायला लागलं. ते मूळ निघालं. मला वाटलं, ताई आता काहीतरी सबब सांगतील. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "चुकली वं मी. हे झाड मले नवीन हाय."

डॉक्टरांनी सुट्टी दिली तशा त्या गावी गेल्या. जाताना बजावलं, "कुंडी हलवू नको आता."

डिसेंबरात दुसरं टोक आलं. हे गोल नव्हतं, चपटं होतं, बाजूला बारीकशी खाच. मी ताईंना व्हिडिओ कॉल केला. त्या शेतात होत्या, कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधलेली. फोन अगदी डोळ्याशी धरून त्यांनी पाहिलं.

"आता मी काई बोलत नाही. चार दिवस वाट पाहू," त्या म्हणाल्या.

टोक वरच चढत गेलं. मी त्याला काडीचा आधार दिला. फेब्रुवारीत कळ्या धरल्या आणि शिवरात्रीनंतर पहिलं फूल उघडलं. लेकीला फोन करण्याआधी मी ताईंना केला.

तपासणीसाठी त्या मार्चमध्ये आल्या, तेव्हा सात फुलं होती. नवा चष्मा लावून त्या बराच वेळ दांड्यापाशी उभ्या राहिल्या. शेजारची तेलुगू बाई आली होती, तिनं मला विचारलं, "कैसे लाए आपने?" मी ताईंकडे बोट दाखवलं. त्या इतक्या लाजल्या की सरळ स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी मागे गेले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या राहून पाणी पीत होत्या. "तुह्या घरचं झाड, तूच केलं. मी नुसती बसून राह्यली होती," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासाठी ज्वारीच्या भाकरी टाकायला घेतल्या.