ठिपक्यापुढच्या ओळी

आमच्या सरांना सगळे ठिपकेसर म्हणायचे. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर आम्ही 'सर, सर' करत दाराशी उभे असायचो आणि ते जिन्याचं वळण ओलांडून गेले की आमच्या जिभेला हाड राहायचं नाही. मला आज त्यांच्याबद्दल लिहायचंय आणि लिहिताना लाज वाटतेय, हे आधीच सांगून टाकते. मध्येच मी स्वतःची बाजू सावरायला लागले, तर निदान वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

सर विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला ॲनालिसिस शिकवायचे. गणिताच्या पदवीतला हा विषय भल्याभल्यांचे डोळे पांढरे करतो. शाळेपासून ज्या गोष्टी आपण डोळे झाकून मान्य केलेल्या असतात, त्या इथे एकेक करून सिद्ध कराव्या लागतात. आकड्यांची एक रांग दोनाच्या जवळ जवळ जाताना दिसतेय ना, मग झालं, असं आम्हाला वाटायचं. सर बारीक आवाजात विचारायचे, "जवळ म्हणजे किती जवळ? ते ठरवलं कोणी? आणि एकदा जवळ आल्यावर परत लांब जाणार नाही कशावरून?" तासाच्या शेवटी आम्हाला ती रांगही नकोशी व्हायची आणि तो दोनही.

उंच, खांद्यात वाकलेले, बाराही महिने एकच तपकिरी स्वेटर. खडू नखाएवढा उरला तरी टाकायचे नाहीत, शर्टाच्या खिशात ठेवायचे. चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. फळ्यावर त्यांची स्वतःची चूक कोणी दाखवली तर मात्र त्यांचा चेहरा असा खुलायचा, की आम्ही मुद्दाम चुका शोधत बसायचो. "शंभर उदाहरणं जुळली म्हणून विधान खरं ठरत नाही," ते म्हणायचे, "पण एकच उलटं उदाहरण आणा, मी इथल्या इथे विधान मागे घेतो."

आता तो ठिपका. आमच्या लेखी सिद्धता तपासताना सर पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून निघायचे आणि जिथे पहिली चूक सापडेल तिथे समासात एक बारीक ठिपका द्यायचे. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते दाखवायचं आणि थांबायचं. पुढे ना बरोबर, ना चूक, ना शेरा. तीन पानं खपून लिहिलेली असायची आणि ठिपका चौथ्या ओळीला. पेपर परत मिळाले की वर्गात एकच प्रश्न फिरायचा, "तुझा कितव्या ओळीला?"

पण गोष्ट तिथे संपत नव्हती. बुधवारी तीन ते पाच सर त्यांच्या खोलीत बसायचे. ग्रंथालयामागचा बोळ, मोडक्या बाकांची चळत, तिच्या पलीकडे ती खोली. दोन खुर्च्या, त्यातली डुगडुगणारी सर स्वतःकडे घ्यायचे. पेपर घेऊन गेलं की म्हणायचे, "आता समजा, ही ठिपक्याची ओळ खरीच आहे असं धरून चालू. पुढे काय बांधलंयस ते बघू." मग ओळीखाली बोट ठेवून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचे. एकही ओळ गाळायचे नाहीत. पुढचं नीट असलं तर तिथल्या तिथे गुण वाढवायचे. "पाया चुकलाय, पण भिंत सरळ आहे. भिंतीचे चार."

हे सगळ्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. पण बुधवारी आमचे तास तीनला संपायचे. सुटलेली गुरं परत गोठ्यात कशाला येतील? बेचाळीस जणांपैकी फारतर चारपाच जण एखाद्या वेळी डोकावले असतील. मी अकरा वेळा गेले होते. आकडा नक्की आहे, कारण सर पेपरच्या मागे तारीख घालायचे आणि ते पेपर माझ्याकडे अजून आहेत.

मी एवढी जायचे ती काही ज्ञानाची ओढ होती म्हणून नव्हे. या विषयात मी दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा गेले असते तर नियमाप्रमाणे नाव कटणार होतं. घरी बाबांनी ऐकवलंच होतं, "यंदा शेवटचं. मग मुकाट्याने घरी बसायचं." घरी बसायचं म्हणजे काय, ते मला थोरल्या बहिणीकडे बघून पुरतं ठाऊक होतं.

सहामाहीचा निकाल लागला. बेचाळीसपैकी नऊ पास. त्या नवांत मी नव्हते, आणि आता फक्त वार्षिक परीक्षा उरली होती. वर्गात एक पुढारी होता, सगळे त्याला आमदारच म्हणायचे. नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्याला दर परीक्षेत अंगणच वाकडं सापडायचं. त्याने सरांविरुद्ध तक्रार करायचं ठरवलं आणि मुद्दे काढले. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. दुसरा मुद्दा असा होता: 'सर ठिपक्यापुढचा मजकूर कोणाचाही वाचत नाहीत, त्यामुळे आमचे गुण बुडतात.'

हे वाक्य खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं. बाकीच्यांचं एक वेळ सोडून देऊ. जे कधी बुधवारी फिरकलेच नाहीत, त्यांना खरंच तसं वाटत असेल. मी मात्र अकरा बुधवार उरावर घेऊन ते वाक्य वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि वर आमदारला म्हणाले, "समास नीट सोडलाय, बघ."

महिन्याभराने चौकशी लागली. लांबट टेबलामागे तीन जण, मधल्या बाई दुसऱ्या विभागाच्या प्रमुख. सर खिडकीजवळच्या खुर्चीत, गुडघ्यावर हात ठेवून. अर्ज मी लिहिलेला, म्हणून वर्गातर्फे मलाच बोलावलं होतं. बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ठिपक्यापुढचं सर वाचतात की नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तासाला प्रश्न टाकून उत्तराची वाट बघायचे तसंच. एकच उलटं उदाहरण हवं होतं, आणि ते मीच होते, त्यांच्यासमोर चार हातांवर उभी.

मी म्हणाले, "ठिपका देताना वाचत नाहीत."

बघा कसं तोलून मापून बोलले. शब्द न् शब्द खरा. विचारलं त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त नाही आणि सिद्ध करता येणार नाही असा एक शब्द नाही, हे मला सरांनीच शिकवलं होतं. त्यांची शिस्त मी त्यांच्यावरच चालवली. बाईंनी कागदावर लिहिलं, 'वाचत नाहीत.' मला ते उलटं, टेबलाच्या या बाजूनेही वाचता आलं. 'बाई, पूर्ण वाक्य लिहा' एवढं म्हणायचं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" बाईंनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, "ही म्हणतेय, म्हणजे तसं असेल."

त्यांच्याकडून विषय काढून घेतला. त्यांना परीक्षा विभागात बसवलं, कुठला विद्यार्थी कुठल्या बाकावर त्याचे तक्ते करायला. आम्हाला नवीन शिक्षक आले, पेपर बाजारी मार्गदर्शक पुस्तकातल्यासारखा आला, मला अडुसष्ट पडले. बाबांनी शेजारीपाजारी सांगितलं. नंतरच्या वर्षी सर बोळातून समोरून यायचे आणि मी बाकांच्या चळतीआड वळायचे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पुढे मीही एका कॉलेजात गणित शिकवायला लागले. आणि शिकवायला लागल्यावर मी काय केलं असेल? पहिल्या चुकीला ठिपका द्यायला लागले आणि बुधवारी तीन ते पाच मुलांना बसवून पुढच्या ओळी वाचायला लागले. वार तरी बदलायचा! मुलं घडू लागली. त्या चौकशीनंतर एकोणीस वर्षांनी शिक्षकांच्या एका मेळाव्यात मला त्यावर बोलायला बोलावलं. मी तासभर 'माझी पद्धत' सांगितली. कोणीतरी विचारलं, "हे सुचलं कसं?" मी म्हणाले, "अनुभवातून." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा ऐटीत फणा काढून बसला. भाषण शिक्षकांच्या एका त्रैमासिकात छापून आलं.

तीन आठवड्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर पाकीट आलं. अक्षर बघूनच ओळखलं, सरांचं. आत चार ओळी. 'तुझा लेख वाचला. फार आनंद झाला. तुला भेटून काही विचारायचं आहे. माझे गुडघे जिना उतरू देत नाहीत, तूच ये.'

मला वाटलं, म्हातारा आता धुणार. खरं सांगते, बरंही वाटलं. एकदाचं कोणीतरी चार शिव्या घालेल आणि मी मोकळी होईन.

तिसरा मजला. दार काकूंनी उघडलं, म्हणजे सरांच्या बायकोने. मी नाव सांगितल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग म्हणाल्या, "या. वाटच बघतायत." सर खिडकीशी बसले होते. मांडीवर ते त्रैमासिक, माझ्या लेखावर उघडलेलं, आणि ओळीओळीखाली पेन्सिलीच्या रेघा.

"बस," सर म्हणाले. "हे पुढच्या ओळी वाचायचं, ते तू नेमकं कसं करतेस? नुसतं वाचतेस, की मुलांना कळेल असं वाचतेस?"

मला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे, सर?"

"अगं, मीही बुधवारी बसायचो ना. मला वाटायचं, मी वाचतोय. तुझे तर कितीतरी पेपर मी शेवटपर्यंत वाचले, अशी माझी समजूत होती. पण अर्जात तू लिहिलंस, कोणाचंही वाचत नाहीत, आणि त्या दिवशी विचारल्यावरही बुधवारचं नाव काढलं नाहीस. मी म्हटलं, ही सगळ्यात जास्त वेळा आलेली मुलगी. हिलाच जर वाटत असेल की मी वाचत नाही, तर मी नुसती नजर फिरवत असणार. समोरच्याला पोचलंच नाही, तर ते वाचणं कसलं? ते माझ्यात कुठे कमी पडत होतं, ते मला तुझ्या लेखावरून कळेल असं वाटलं. दोनदा वाचला. तू तर जवळपास तेच करतेस."

म्हणजे एकोणीस वर्षं या माणसाने मला खोटारडी म्हटलं नव्हतं. एकदाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. मी खरं बोलले असं धरून चालले होते आणि चूक स्वतःत शोधत बसले होते. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही वाचायचात. प्रत्येक ओळ वाचायचात. मला सगळं कळायचं, पोचायचं. या लेखात माझं काही नाही, सगळं तुमचं आहे. मी त्या दिवशी खोटं बोलले."

"का?"

"मला पास व्हायचं होतं."

सरांनी मान हलवली, एखादी पायरी पटली की हलवायचे तशी. म्हणाले, "हं. हे कारण पुरेसं आहे."

"पुरेसं?" काकू दारातून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी एवढी वर्षं कानीकपाळी ओरडतेय, तुम्ही वाचता, मी बघितलंय, घरी आणलेले पेपरसुद्धा तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचता. माझं पटलं नाही. आणि हिचं दोन्ही वेळा लगेच पटलं."

मग काकू माझ्याकडे वळल्या. "आमची मुलगी दहावीत होती तेव्हा. तिला गणिताचं वेड. रोज वही घेऊन यायची यांच्याकडे. हे म्हणायला लागले, मला शिकवता येत नाही, माझ्या नादी लागलीस तर तुझं नुकसान होईल, दुसऱ्या कोणाकडे जा. तिला वाटलं, आपल्यालाच येत नाही, म्हणून बाबा टाळतायत. तिने गणित सोडलं."

"मी तुमच्या मुलीला भेटू का?" मी विचारलं. "मी सांगते तिला, चूक कोणाची ते."

"काय सांगणार?" काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षांची आहे ती."

सरांनी त्रैमासिक मिटलं आणि बाजूला ठेवलं. मग काकूंकडे बघून, प्रश्न नीट मांडतोय की नाही याची खात्री करत असल्यासारखं, हळू विचारलं, "म्हणजे तिला मी शिकवलं असतं, तर चाललं असतं?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं.

"हो, सर," मी म्हणाले.