मास्तरांच्या ओठांवरचा शब्द

आमच्या मास्तरांना पेरूला इंग्रजीत काय म्हणतात ते चटकन सांगता येत नसे. पण दगाबाजीला? दहा शब्द तोंडपाठ! चीट, फ्रॉड, बिट्रेयल, ट्रेटर, डिसलॉयल्टी... जप करावा तसे पुटपुटत असत.

चिंचवडला नवा कारखाना उभा राहिला, तेव्हाची गोष्ट. मास्तर नुसते नावाचे, टाइम ऑफिसात कारकून. सकाळी खिडकीतून आम्हाला हजेरीचे पितळी बिल्ले द्यायचे. कामगारावर आरोप ठेवला की कंपनी इंग्रजीत कागद देई. आम्ही थेरगाव-रावेतची नांगर सोडून आलेली माणसं, आम्हाला काय कळतंय कपाळ! सुट्टी झाली की मास्तर पवनेच्या काठी बसून तो कागद समजावत, उत्तरही लिहून देत; अर्थात चोरून. माझी नोकरी त्यांनी अशीच वाचवली होती. म्हणायचे, "सोपानराव, शब्द कळला की निम्मी भीती जाते."

पण एक गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो. बिल्ला देताना ते कधीतरी एखाद्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि हळूच एक शब्द उच्चारत. आठवडाभरात त्याच शब्दाचा कागद त्या माणसाच्या हातात पडे. साहेबाच्या मनात यायच्या आधी यांना कळायचं कसं? माझ्या शेजारच्या मशीनवरचा गणपा म्हणे, "मास्तर न्हाई, पिंगळा हाय त्यो!" लोक खिडकीशी मान खाली घालून उभे राहू लागले.

एका सकाळी मास्तर माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "ट्रेटर."

"मी? मी काय केलं हो?" मी उखडलोच.

"अजून काही नाही," ते म्हणाले आणि बिल्ला पुढे सरकवला.

दुपारी साहेबांनी बोलावलं. मला कायम करण्याचा कागद टेबलावर होता, फक्त सही बाकी. "कामगारांची उत्तरं कोण लिहून देतं?" घरी बायको नुकती बाळंत झालेली. खोटं कशाला बोलू, सकाळचा शब्द कानात वाजत होता, तरी मी मास्तरांचं नाव सांगितलं.

चौथ्या दिवशी मास्तरांनाच कागद आला. "डिसलॉयल्टी," त्यांनी मला वाचून दाखवला. "म्हणजे कंपनीशी बेइमानी." मग छत्री उचलून म्हणाले, "एवढंच सांगा सोपानराव, मी त्या दिवशी बोललो नसतो, तर तुम्ही केलं असतं का?"

मास्तर कोकणात गेले, पुन्हा दिसले नाहीत.

मला इंग्रजीतला एकच शब्द खरा कळलाय. रोज दाढी करताना आरशात बघतो, आणि ओठ आपोआप हलतात.